कल्चट्टीत उकळलेला समुद्र

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत या वर्षी माझा एक लेख आला आहे. समुद्राच्या तळाचे खडक गरम खाऱ्या पाण्याने कसे बदलतात, हा त्याचा विषय. तळाचा खडक तापलेला असतो, त्यावर थंड पाणी येते, त्याला भेगा पडतात, इथपर्यंत लेख व्यवस्थित छापला आहे. तिथेच तो संपतो. त्यापुढे मी जे लिहून दिले होते त्याच्या जागी एका जवाहिऱ्याची जाहिरात आहे. हार घातलेली एक मुलगी वाचकाकडे बघून हसते आहे.

काढून टाकलेल्या भागात फार काही नव्हते. गेल्या वर्षी रुक्मिणीकल्याणाच्या दिवशी आमच्या घरची दगडी कल्चट्टी चुलीवर फुटली, ती माझ्या वहिनीच्या हातून फुटली नाही, मी फोडली, एवढेच त्यात होते. पण तेवढे छापून आले असते तर या वर्षीच्या नैवेद्याचे सांबार कोणी करायचे हा निवाडा फिरवावा लागला असता, आणि तो मान तोवर मंडळाच्या चिटणीसांच्या घरी गेला होता.

"सर, लेख लांबत होता," चिटणीस मला म्हणाले. "शास्त्र तेवढं ठेवलं. घरगुती भाग काढला."

म्हणून घरगुती भाग इथे लिहितो. शास्त्रही लिहावे लागेल, कारण कल्चट्टी फुटली ती शास्त्रापायीच.

आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर कावेरीकाठी आले. राजे गेले, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. पुण्याचे पाहुणे आमचे बोलणे ऐकतात तेव्हा संग्रहालयातली तलवार बघावी तसे आमच्या तोंडाकडे बघतात. हा मजकूर मी पुस्तकी मराठीत लिहितो आहे. घरच्या मराठीत लिहिला तर वाचक माझा गुन्हा सोडून माझी क्रियापदे न्याहाळत बसतील, आणि मी पुन्हा एकदा सुटेन.

आम्हा लोकांची सगळी इभ्रत सांबारात आहे. पाहुण्याने चपला काढायच्या आत त्याला सांगितले जाते की सांबार मूळचे आमचे, राजाच्या मुदपाकखान्यातले. याला पुरावा काय, असे आजवर कोणी विचारलेले नाही, कारण तोपर्यंत पाहुण्याच्या पानात सांबार पडलेले असते. वर्षातून एकदा भजनमंदिरात विठ्ठल-रुक्मिणीचे लग्न लागते, तेच रुक्मिणीकल्याण. पंगतीचा स्वयंपाक आचारी करतात, पण देवापुढचे सांबार आमच्या घरच्या सुनेने आमच्या घरच्या कल्चट्टीत करायचे, अशी चाल होती. कल्चट्टी म्हणजे दगडाचे पातेले. जाड बुडाचे, काळपट, हंड्याएवढे. सेलमकडच्या मऊ दगडातून ती कोरतात आणि आमच्या देवळांच्या रस्त्यांवर विकतात. नवी चट्टी तशीच चुलीवर ठेवता येत नाही. तिला तेल-हळद लावायची, रोज गरम पेज ओतून ठेवायची, निवू द्यायची, पुन्हा ओतायची. असे आठवडेच्या आठवडे केले की दगड विस्तवाला सरावतो. घाई केली की तडकतो.

आता मी. मी इथल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवले. आमच्या कुंभकोणमात दगड नाही. खणाल तेवढा गाळ. जो दगड दिसतो तो कुठल्यातरी राजाने देवळासाठी लांबून आणवलेला. मी विद्यार्थ्यांची अभ्याससहल पट्टीश्वरमच्या देवळात नेत असे आणि खांबांतले स्फटिक दाखवत असे. खांबाला भिंग लावून उभ्या असलेल्या पोरांना तिथला रखवालदार "अगोदर देव बघा" म्हणून हाकलायचा. जन्मभर मी न पाहिलेल्या डोंगरांविषयी आणि न पाहिलेल्या समुद्रतळाविषयी बोललो, आणि ऐकणाऱ्यांनीही ते पाहिलेले नसल्यामुळे माझा फार आदर झाला.

गेल्या वर्षी मंडळाने ठरवले की माझा सत्कार करायचा. का, ते कोणी सांगितले नाही. बहुधा त्या वर्षी मरण्याजोगा दुसरा विद्वान शिल्लक नव्हता. रुक्मिणीकल्याणाच्या दिवशी लग्न लागल्यावर शाल, आणि शालीनंतर माझे व्याख्यान. मी विषय निवडला आमच्या कल्चट्टीचा. ही चट्टी एके काळी समुद्राचा तळ होती, हे सांगायचे आणि लोकांना थक्क करून सोडायचे.

गोष्ट थक्क करणारी आहेच. समुद्राच्या तळाशी लांबच लांब चिरा आहेत. तिथे पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक वर येतो आणि गोठून नवा तळ होतो. तापलेला नवा खडक निवताना तडकतो. भेगांतून समुद्राचे थंड पाणी आत खोल झिरपते, तापते, चुलीवरच्या आधणाच्या तिप्पट-चौपट तापते, पण डोक्यावर एवढ्या समुद्राचे ओझे असते की त्याला उकळी फुटत नाही. हे पाणी खडकाला खाते आणि खडक पाण्याला. काळा खडक हिरवा होतो. त्याहून खोलातला जड खडक पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो, आणि पुढे कधी कधी त्याचेच शंखजिरे होते. शंखजिरे म्हणजे ज्याची पावडर आपण अंगाला लावतो ते, आणि आमच्या चट्टीच्या दगडात तेच असते. गंमत अशी की आतला एकेक कण बदलला तरी कित्येकदा जुन्या स्फटिकाचा आकार तसाच राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटते जुनाच आहे. आत जुने काहीच नसते. या वाक्याला आमच्या मंडळात टाळ्या पडायला नको होत्या, पण पडल्या. ते पुढे येईल.

याच व्याख्यानात मी एक थापही ठोकली, तीही इथे नोंदवतो. सेलमकडचा हा दगड समुद्राचा तळच होता, असे मी छातीठोकपणे सांगितले. खरे म्हणजे काही जाणते तसे मानतात, काही म्हणतात की पाणी जमिनीखालचेच होते. वाद चालू आहे. पण शाल घेतल्यावर "वाद चालू आहे" असे सांगणे बरे दिसत नाही.

वहिनी कोण, तेही सांगायला हवे. माझ्या थोरल्या भावाची बायको. वाईची. आमच्याकडे मुली इथल्या इथेच शोधतात, पण भाऊ नोकरीनिमित्त तिकडे गेला आणि लग्न करूनच परतला. ती आली तेव्हा तिला सांबार म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. ती आमटी करायची, गोडा मसाला आणि गूळ घालून. माझ्या अक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, तिचा तो मसाल्याचा डबा पहिल्याच महिन्यात माळ्यावर टाकला. मग चिंच, तुरीची डाळ, ताजे वाटण, सगळे शिकवले. वहिनी शिकली. आमचे बोलणे शिकली, दारात कोलमची रांगोळी काढायला शिकली, बाजारात तमिळमधून भांडायला शिकली. भजनमंदिरातल्या बायका म्हणू लागल्या की राजाच्या मुदपाकखान्याची चव आता हिच्याच हाताला उरली आहे. भाऊ गेला, माझी बायकोही गेली. घरात आम्ही दोघे म्हातारे उरलो, आणि वर्षातून एक दिवस तिचा.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. सांबार उतरवताना ती लिंबाएवढा गुळाचा खडा आत टाकायची. अक्काची पाठ वळली की. राजाच्या मुदपाकखान्याची म्हणून मंदिरात वाखाणली जाणारी चव वाईची होती.

मी तिला एकदा म्हणालो होतो, "वैनी, त्यांना कळलं तर?"

"कळलं तर गूळ घालायला त्या शिकतील, भाऊजी. तुम्ही पान पुसून घ्या."

व्याख्यानाला नुसते बोलणे पुरणार नाही, काहीतरी करून दाखवावे, असे माझ्या डोक्यात आले. चट्टीत समुद्राचे पाणी उकळायचे, वाफा निघाल्या की म्हणायचे, "बंधूंनो, हा दगड आज आपल्या माहेरी आला आहे." वाक्य मला एवढे आवडले की मी त्यासाठी बसने पूमपुहारला गेलो आणि प्लास्टिकचा कॅन भरून समुद्र घेऊन आलो. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने कॅन हुंगून पाहिला.

"काय आहे, ऐया?"

"समुद्राचे पाणी."

"माणसं अस्थी घेऊन समुद्रावर जातात ते रोज बघतो," तो म्हणाला. "समुद्र घेऊन घरी जाणारा आज पहिला. जपून धरा, गाडीत भरती येईल."

सगळी बस हसली. मी हसलो नाही. मी वाक्य घोळवत होतो.

कल्याणाच्या आदल्या दुपारी वहिनी फुलांसाठी बाजारात गेली होती. मी तालीम करायचे ठरवले. आता इथे सामान्य माणसाने काय केले असते? चट्टीत पाणी घातले असते आणि खाली मंद आच लावली असती. पण मी सामान्य माणूस नव्हतो, मी भूशास्त्रज्ञ होतो. समुद्राच्या तळाशी खडक अगोदर तापलेला असतो आणि पाणी मागाहून येते. क्रम महत्त्वाचा. शास्त्राशी प्रतारणा नको. म्हणून मी रिकामी चट्टी मोठ्या शेगडीवर चढवली, आच पुरती मोठी केली, आणि दगड चांगला तापल्यावर त्यात थंड समुद्र ओतला.

टक् असा आवाज झाला. फार मोठा नाही. सुपारी फुटावी तेवढा.

माझा प्रयोग पूर्ण यशस्वी झाला होता. तापलेल्या खडकावर थंड पाणी आले, खडकाला भेग पडली, पाणी भेगेत शिरले. पाठ्यपुस्तकात असते तसे. बुडाकडून काठाकडे केसाएवढी रेघ गेली होती आणि तिच्या कडेला मिठाची पांढरी किनार धरत होती. विद्यार्थ्यांना दाखवायला याहून सुंदर नमुना मला नोकरीत कधी मिळाला नाही.

मी मीठ पुसले. रेघेवर तेलाचे बोट फिरवले, म्हणजे ती दिसेनाशी झाली. चट्टी होती तिथे, काथ्याच्या चुंबळीवर, भेग भिंतीकडे करून ठेवली. वहिनी फुले घेऊन आली तेव्हा मी पेपर वाचत होतो. मला वाटले होते की सांगावे. मग वाटले की एवढी बारीक भेग, तापली की धरून राहील. मग वाटले उद्या सत्कार आहे.

दुसऱ्या दिवशी भजनमंदिरात लग्नाच्या अक्षता पडून माझा सत्कार चालला असताना तिथल्या नैवेद्याच्या स्वयंपाकघरात चट्टी दोन फाकांत उघडली. सांबार शेगडीवर गेले, शेगडी विझली, डाळ जमिनीवरून मोरीकडे निघाली. वहिनीच्या पायावर थोडे सांडले. तिने पायाकडे पाहिलेही नाही. ती हातातला डाव धरून उभी होती. देवापुढे नैवेद्याची वेळ होती आणि सांबार नव्हते. अक्का दारात आली, तिने पाहिले, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली.

"अय्यय्यो! आमच्या आयीच्या सासूने वागविलेली चट्टी. कोणाच्या हातीं फुटली नाहीं. शेवटीं तिकडची ती तिकडचीच."

"आच मोठी झाली असेल, अक्का," वहिनी म्हणाली. "हात कापतो हल्ली माझा."

"कापतो तर करावें कशास? सांगायचें. आमच्या लोकांत दुसऱ्या सुना नाहींत काय?"

मी तिथे होतो. अंगावर नुकतीच पडलेली शाल होती. मी "जाऊ द्या, अक्का, दगडच तो" असे काहीसे म्हणालो आणि व्यासपीठावर गेलो, कारण माझे नाव पुकारले होते. व्याख्यान मी दिले. खडक आतून कसे तडकतात ते सांगितले. आकार जुना राहतो आणि आतले सगळे बदलून जाते, हे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटले मी वहिनीबद्दल बोलतो आहे. मी तिला सावरून घेतले, असा बोभाटा झाला. केवढा मोठा माणूस, भावजयीची लाज राखली.

वहिनीने त्यानंतर सांबार केले नाही. घरात रसम, ताक, कधी कोपऱ्यावरच्या खानावळीतून आणलेली इडली आणि पिशवीतली चटणी. मी विचारले तर म्हणायची, "हात कापतो, भाऊजी." तिचा हात कापत नव्हता. तिने स्वतःला ते पटवून दिले होते, आणि डॉक्टरकडे जाऊन गोळ्याही आणल्या होत्या. न झालेल्या आजाराच्या गोळ्या ती रोज जेवणानंतर घ्यायची, माझ्यासमोर, आणि मी तिला पाण्याचा पेला भरून द्यायचो. मान चिटणीसांच्या घरी गेला. त्यांच्या बायकोसाठी नवी चट्टी आली, मोठी, चकचकीत.

कार्याचे दिवस पुन्हा जवळ आले तेव्हा मी स्मरणिकेसाठी लेख लिहिला. त्याचे काय झाले ते सांगितलेच आहे. मग मी अक्काकडे गेलो. ती पुढच्याच गल्लीत राहते. ओसरीवर बसून तिला सगळे सांगितले: पूमपुहार, कॅन, रिकामी चट्टी, टक्.

तिने शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लहानपणापासून तूं असाच. दुसऱ्याचें आपणावर घेणार."

"अक्का, मी खरे सांगतो आहे."

"पाण्याने दगड फुटतो काय रे? जन्मभर आम्ही चट्टी पाण्यानेच धुतली. तूं शिकलेला आहेस, तुजला कळत नाहीं काय?"

तिरुनागेश्वरमच्या देवळात अभिषेकाचे दूध निळे होते, हे ती दर वर्षी जाऊन बघून येते. दगड पाण्याने तडकतो हे मात्र तिला अशक्य वाटले. माझा गुन्हा माझ्या पुण्यात जमा करून तिने मला चकलीसारखे दोन मुरुक्कू दिले आणि घरी पाठवले.

आता वहिनीच उरली. खरे म्हणजे तिच्यापासूनच सुरुवात करायची होती. पण स्मरणिकेत कबूल होणे सोपे असते, ती शेजारी बसून गोळी गिळत नाही. त्या दुपारी तिने गोळी हातावर घेतली आणि मी पेला दिला नाही.

"वैनी, गोळी ठेवा. हात कापत नाही तुमचा. चट्टी मी फोडली. आदल्या दिवशी."

तिने ऐकले. मधेच एकदा विचारले, "रिकामी तापवली?" आणि पुन्हा, "थंड ओतलं?" मग हातावरची गोळी खाली ठेवली. आणि बोलली तेव्हा ते आमचे बोलणे नव्हते, वाईचे होते, मी तिच्या तोंडून तरुणपणी ऐकलेले.

"भाऊजी, तुम्हाला लाज कशी वाटली नाही हो? वर्षभर मी देवापुढं उभी राहिले नाही. माझ्या हाताला काय झालंय म्हणून हात न्याहाळत बसले. आन् तुम्ही मला पाणी देत होता?"

"चुकलं."

"चुकलं माझ्यापाशी काय म्हणताय? मला काय, मी आता ऐकलं. तिथं म्हणा. सगळ्या बायकांत म्हणा. आन् ते खडकबिडक नको. चट्टी मी फोडली, एवढंच."

"अक्काला सांगून आलो. तिला पटत नाही."

"मग दाखवा की करून! शास्त्रज्ञ ना तुम्ही?"

कल्याणाच्या आदल्या संध्याकाळी भजनमंदिरात सगळ्या बायका भाज्या चिरायला बसतात. मी एक लहान चट्टी विकत घेतली, कॅन काढला (तालमीतून उरलेला समुद्र वर्षभर माझ्या कपाटात होता), आणि तिथे गेलो. चिटणीस दारातच आडवे आले.

"सर, आज कशाला? उद्या शाल आहे दुसऱ्या एकांना."

"मला शाल नको. शेगडी द्या."

मी सगळ्यांसमोर सांगितले. घरच्या मराठीत, एका वाक्यात. नंतर रिकामी चट्टी आचेवर ठेवली. बायकांनी विळ्या थांबवल्या. तापली असे वाटल्यावर मी समुद्र ओतला. चुर्र झाले, वाफ आली, खारट वास सुटला. चट्टी जशीच्या तशी.

"झालें?" अक्का म्हणाली.

कुणीतरी हसले. वहिनी मागे खांबाजवळ उभी होती, तिच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. दगड आपल्याला दगा देईल, हा विचार नोकरीत कधी मनात आला नव्हता. तिथे मी फक्त बोलत असे, करून दाखवत नसे. मी पाणी ओतून टाकले, चट्टी पुन्हा चढवली, आच पुरती मोठी केली आणि या वेळी घाई केली नाही. बुडाचा रंग बदलू लागला तेव्हा उरलेला समुद्र एकदम ओतला.

टक्.

या वेळी सगळ्यांनी ऐकले. पाणी बुडातून ठिबकले आणि शेगडीची आच पिवळी झाली. अक्का उठली, जवळ आली, फुटलेल्या कडेवरून बोट फिरवले, बोट जिभेला लावले.

"खारट," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून, "मी म्हणतच होतें, तिच्या हातीं फुटायची नाहीं. वाईची असली म्हणून काय? आमच्याच हाताखालीं तयार जाहली."

वर्षभर ती काय म्हणत होती, हे तिथल्या प्रत्येकीने ऐकले होते. एकीनेही मान वर केली नाही. भेंड्या फार मन लावून चिरल्या गेल्या. चिटणीसांच्या बायकोने आपली मोठी नवी चट्टी पुढे केली, बरीचशी सुटका झाल्यासारखी, आणि म्हणाली, "मामी, उद्या तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी नैवेद्याच्या स्वयंपाकघरात एकटी गेली आणि मला म्हणाली, "भाऊजी, दारात बसा. कोणाला आत सोडू नका." ती नवी चट्टी तिने बोटाने वाजवून पाहिली, आत बोट फिरवून हुंगली. पेज पुरती पाजलेली नव्हती. दुकानातून आणून तेल लावले होते, एवढेच. चुलीवर चढवली असती तर तीही दोन तुकडे झाली असती, आणि या वेळी वहिनीला वाचवायला समुद्र शिल्लक नव्हता. तिने सांबार घरून आणलेल्या स्टीलच्या पातेल्यात केले. शेवटी गुळाचा खडा टाकला. चट्टी गरम पाण्याने हळूहळू कोमट करून घेतली, तयार सांबार तिच्यात ओतले, वर कढीलिंबाची डहाळी ठेवली, आणि चट्टी देवापुढे गेली.

नैवेद्य झाल्यावर तेच सांबार प्रसाद म्हणून पंगतीच्या पहिल्या ओळीत वाढले. अक्का केळीच्या पानावर भाताचे आळे करून बसली होती. पहिला घास घेतला, डोळे मिटले.

"दगडाची चव ती दगडाची," ती म्हणाली. "स्टीलमध्ये येईल काय ही? राजाच्या घरचें सांबार. वाढ गं, अजून वाढ."

वहिनी वाढत होती. तिने माझ्याकडे बघितलेही नाही, पण डाव भरून माझ्या पानात जरा जास्तच पडले.

गरम समुद्र खडकाला बदलतो, हे मी व्याख्यानात सांगितले. समुद्रही तिथून आला तसा परत जात नाही, आपल्यातले बरेच काही खडकात ठेवून जातो, हे मी सांगितले नव्हते. लोक खडक उचलून घरी नेतात, तासतात, पाट्या लावतात. पाण्याचे काय गेले ते कोणी विचारत नाही. आम्ही वहिनीला आमच्यासारखी केली याचा आम्हाला अभिमान आहे. आमच्या सांबारात वाई कितपत मुरली आहे, हे विचारायची आमची छाती नाही.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो की हे सगळे लिहिणार आहे, पातेल्यासकट.

"पातेल्याचं कशाला लिहिता?"

"आता तरी खरे ते सगळे लिहावे म्हणतो."

"वर्ष मी त्यांच्या खोट्यावर काढलं, भाऊजी. त्यांनी माझ्या खोट्यावर एक जेवण काढलं तर काय बिघडलं?"

तरी मी लिहिले, आणि या वेळी तिच्यापासून काही लपवायचे नाही म्हणून तिला सगळे वाचून दाखवले. ती ऐकत होती आणि भाताचे तांदूळ निवडत होती. वाईचा भाग आला, गुळाचा आला, तिचे निवडणे चालूच होते. पातेल्यापाशी आल्यावर तिचा हात थांबला.

"स्टीलचं नव्हतं ते," ती म्हणाली. "पितळेचं, कल्हईचं. माझ्या आईनं दिलेलं, वाईहून आणलेलं. लिहायचंच तर नीट लिहा."